बाबांच्या डोक्याला रेडिएशन द्यावं का?

प्रश्न : माझे वडील 71 वर्षांचे आहेत. त्यांना सहा वर्षांपासून वाल्डेनस्ट्रॉमचा आजार, म्हणजे लिम्फोमाचा (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा) एक प्रकार आहे. हल्ली तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. एमआरआय केला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. आजार मेंदूच्या आवरणात आणि पाण्यात उतरलाय, याला ‘बिंग-नील’ म्हणतात, असं सांगितलं. एक डॉक्टर गोळ्या सुचवतात, दुसरे संपूर्ण डोक्याला रेडिएशन. भाऊ म्हणतो, लाईट दिल्यावर बाबा आपल्याला ओळखणार नाहीत. काय करावं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, घरच्यांना ओळखेनासं होणं ही टोकाची भीती झाली. पण भावाची काळजी खोटी नाही. साठीनंतर संपूर्ण मेंदूला किरण दिले, तर काही महिन्यांनी-वर्षांनी विसराळूपणा वाढतो, चाल मंदावते, कधी लघवीवरचा ताबाही जातो.

बिंग आणि नील या डॅनिश डॉक्टरांनी 1936 मध्ये याचं वर्णन केलं. आजार इतका विरळा की उपचारांची समोरासमोर तुलना करणारे मोठे अभ्यासच नाहीत. म्हणून मतं वेगळी पडतात. मी स्वतः रेडिएशनची डॉक्टर आहे. लिम्फोमाच्या पेशी किरणांना पटकन दाद देतात. एकाच जागी गाठ असती, तर मी आग्रह धरला असता. पण बाबांचा आजार पाण्यात आहे, आणि ते पाणी थेट मणक्यापर्यंत फिरतं. डोक्याला दिलेले किरण तिथे पोचत नाहीत. इब्रुटिनिब ही या आजारावरची गोळी मेंदूत पोचते. त्यामुळे मी आधी गोळ्या देईन आणि रेडिएशन हाताशी राखून ठेवेन. मात्र बाबांना हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधीच सांगा. मेथोट्रेक्झेट या केमोच्या औषधाचा विचार असेल, तर ते रेडिएशनच्या आधी व्हावं. नंतर दिल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो.

स्टिरॉइडने दोन दिवसांत बरं वाटेल. तेवढ्यावर थांबू नका, आणि ते मनाने बंदही करू नका.

पुढे रेडिएशन ठरलंच, तर गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर बसवून मास्क करतात. रोज तोच लावून दहा-पंधरा मिनिटं निजायचं, दुखत नाही. कवळी, दाढी-मिशी मास्कच्या दिवशी जशी असेल तशीच शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर मास्क नीट बसत नाही. गुदमरल्यासारखं होत असेल, तर पहिल्याच दिवशी टेक्निशियनला सांगा. हात वर केला की मशीन थांबवतात.