टू-वे रेडिओचा अँटेना चांगल्या दर्जाचा आहे की नाही, हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना नुकताच मिळालाय, दोन मीटर बँडसाठी (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) गच्चीवर अँटेना लावायचाय, आणि दुकानदार मीटर जोडून "बघा, एसडब्ल्यूआर १.१" म्हणतो. एवढ्यावर भरवसा ठेवावा का, आणि कुठल्या कंपनीचा घ्यावा?

भरवसा अजिबात ठेवू नका. या १.१ च्या नादाने जेवढे भिकार अँटेना खपलेत तेवढे कुठल्याही जाहिरातीने खपले नसतील. ग्रुपवर मीटरचा फोटो टाकायचा, खाली अंगठ्यांची रांग लागली की अँटेना उत्तम ठरला! ५० ओहमचा डमी लोड (पॉवरची नुसती उष्णता करणारा रोधक) लावला तर १.० येतो आणि शेजारच्या गल्लीतही आवाज जात नाही. पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत आली, एवढंच एसडब्ल्यूआर सांगतो. जी परत आली नाही ती हवेत गेली की खालच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन संपली, हे मीटरला कळत नाही.

आणि ज्या आकड्यासाठी भांडणं होतात त्याची किंमत तरी किती? एसडब्ल्यूआर १.५ असेल तर ४ टक्के पॉवर परत येते, २ असेल तर ११ टक्के. १.५ वरून १.१ वर आणून समोरच्याला ०.२ डीबीसुद्धा (डेसिबल, पॉवरच्या वाढ-घटीचं माप) फरक पडत नाही. कुणाच्याही कानाला तो कळणार नाही.

खरी फसवणूक केबल करते. आरजी-५८ या बारीक केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला १०० मीटरला साधारण २० डीबी जातात, म्हणजे २० मीटरला ४. रिगमधून (रेडिओ संचातून) ५ वॉट निघाले तर वर २ पोचतात. परत येणारी पॉवरही त्याच केबलमधून येते, तीही ४ डीबीने घटते. त्यामुळे वर अँटेनापाशी एसडब्ल्यूआर ३ असला तरी खाली रिगपाशी १.५ दिसतो. ४३५ मेगाहर्ट्झला तर याच २० मीटर केबलचं वरचं टोक मोकळं सोडलं, अँटेना लावलाच नाही, तरी मीटर दीडच्या आसपास दाखवतो. तेव्हा मोजायचं तर अँटेनाच्या बुडाशी, हातभर केबल लावून. नॅनोव्हीएनए (एसडब्ल्यूआरचा आलेख काढणारं छोटं यंत्र) असेल तर त्याच तुकड्याच्या टोकाला ओपन, शॉर्ट, लोड कॅलिब्रेशन करून मगच.

दुकानात दोन गोष्टी करून बघता येतात. व्हीएनएवर १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ सगळा पट्टा फिरवून बघा. चांगल्या अँटेनाचा आलेख एका जागी खाली येतो आणि दोन्ही बाजूंना वर चढतो. वीतभर लांबीचा अँटेना सगळ्या पट्ट्यात १.५ च्या खाली सपाट दाखवत असेल तर आत पॉवर खाल्ली जातेय. लहान, रुंद पट्ट्याचा आणि कार्यक्षम, असे तिन्ही गुण एका अँटेनात येत नाहीत. दुसरं, तळहात वरच्या भागाजवळ न्या (व्हीएनएवरच, ट्रान्समिट चालू असताना नाही). आलेख हलला पाहिजे. ढिम्म हलत नसेल तर तिथपर्यंत पॉवर पोचतच नाही. याउलट बुडापासून हातभर खाली केबल मुठीत धरली आणि आलेख हलला, तर केबलच अँटेनाचं काम करतेय. रेडियल (बुडाशी जमिनीचं काम करणाऱ्या सळ्या) कमी आहेत किंवा चोक (केबलवरचा प्रवाह अडवणारा) नाही.

आता गेन, म्हणजे अँटेना एका दिशेला सिग्नल किती वाढवतो ते. 'डीबी' एवढंच छापलं असेल तर तो आकडा विसरा. डीबीआय (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) की डीबीडी (साध्या डायपोलच्या तुलनेत), ते हवं, दोघांत २.१५ चा फरक आहे. उभ्या अँटेनाचा गेन लांबीतून येतो, जादूतून नाही. लांबी दुप्पट केली तर जेमतेम ३ डीबी वाढतात. डायमंडचा एक्स-५० १.७ मीटर लांब आहे आणि दोन मीटरवर ४.५ डीबीआय सांगतो. एक्स-५१० ५.२ मीटर लांब आहे, ८.३ सांगतो. ही पट्टी मनात ठेवा. सव्वा मीटरच्या नळीवर ८ डीबी लिहिलेलं दिसलं की नमस्कार करून बाहेर पडा.

खरी परीक्षा तुलनेची. त्यासाठी क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन घरी बनवा: पॅनेलवर बसणारं एन कनेक्टर, मधे ४९ सेंटिमीटरची पितळी सळी, चार स्क्रूंना ५२ सेंटिमीटरचे चार रेडियल, ४५ अंश खाली वाकवलेले. रेडियल आडवेच ठेवले तर इंपीडन्स (अँटेनाचा विद्युत विरोध) केबलच्या ५० ओहमपेक्षा बराच कमी राहतो. वाकवल्यावर ५० च्या जवळ येतो. मग तोच खांब, तीच उंची, तीच केबल, फक्त अँटेना बदलायचा. ऐकायला जवळचा रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारं केंद्र) घेऊ नका. एफएममध्ये सिग्नल एकदा स्वच्छ झाला की पुढची वाढ कानाला कळत नाही. खरखरीत येणारा लांबचा सिग्नल हवा. हँडीच्या (हातातल्या रेडिओच्या) एस-मीटरच्या काड्या मोजू नका, आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा रिसीव्हर) लावून त्या रिसीव्हरचा गेन हाताने स्थिर ठेवा आणि डीबी वाचा. इमारतींवरून परावर्तन होतं, त्यामुळे खांब अर्धा मीटर सरकवला तरी १० डीबी इकडेतिकडे होतात. पाच-सहा जागी मोजून सरासरी घ्या. विकतचा अँटेना या सळीपेक्षा सरस ठरत नसेल तर पैसे कशाचे दिले?

बांधणीचं थोडक्यात. फायबरग्लासची नळी हलवून आतून खडखड येते का ऐका. बुडाशी पाणी निचरायचं छिद्र असतं, ते टेपने बुजवू नका. कनेक्टरवर मात्र स्वतःला चिकटणारी रबर टेप, वरून पीव्हीसी टेप, आणि केबलला खाली लोंबता वळसा. कोकणात किंवा मुंबईत पहिल्याच पावसाळ्यात केबलच्या जाळीत पाणी शिरून ती हिरवी पडते आणि दोष अँटेनाला मिळतो.

एसडब्ल्यूआर निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. २ च्या वर गेला की बऱ्याच रिग स्वतःच पॉवर कमी करतात, आणि काल १.३ असलेला आज २.५ झाला तर काहीतरी तुटलंय हे नक्की. सपाट आलेखाचा नियमही डिस्कोनला (तबकडी आणि शंकूच्या आकाराच्या अँटेनाला) लागू नाही. तो रुंद असतोच, पण आकारानेही मोठा असतो. हँडीचा अँटेना नुसता व्हीएनएला लावून मोजू नका, त्याला रेडिओचा सांगाडा आणि तुमचा हात जमीन म्हणून लागतो.

कंपनीचं म्हणाल तर नाव बघून काही कळत नाही, नावाजलेल्या अँटेनांच्या नकला सर्रास मिळतात. माझं ऐकाल तर आधी आरजी-२१३ ही जाड केबल घ्या, २० मीटरला पावणेदोन डीबीच जातात. त्यावर ती घरची सळी चढवा आणि पावसाळा संपल्यावर दुकानात जा.