टेक्सासमध्ये ग्राहकाकडे लसीचं प्रमाणपत्र मागितलं म्हणून रेस्टॉरंटचा दारूचा परवाना जाऊ शकत होता का?

हो, जाऊ शकत होता. मी ऑस्टिनमध्ये छोट्या रेस्टॉरंटांचे हिशेब बघतो, त्यामुळे २०२१चा तो उन्हाळा जवळून पाहिलाय.

जूनमध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सिनेट बिल ९६८वर सही केली. ग्राहकाला आत घ्यायला कोविड लसीचा कागद मागायचा नाही. मागितला तर राज्याचं अनुदान, कंत्राट बंद. आता टाको विकणाऱ्याला राज्याच्या कंत्राटाशी काय देणंघेणं? खरी मेख पुढे होती. हा नियम पाळणं ही परवान्याचीच अट करायची मुभा राज्याच्या खात्यांना दिली होती. ऑगस्टमध्ये डेल्टाने इथले आयसीयू भरत आले, तेव्हा शहरातल्या दोन रेस्टॉरंटांनी आत बसणाऱ्यांकडे लसीचं कार्ड मागायला सुरुवात केली. राज्याच्या मद्य आयोगाने परवान्याची आठवण करून दिली आणि दोघांनीही माघार घेतली.

कोर्टात का गेले नाहीत, असं लोक विचारतात. मी ज्यांच्या वह्या बघतो त्यातल्या एका बाईंचे म्हातारे वडील रोज स्वयंपाकघरात बसून मिरच्या निवडायचे. त्यांच्यासाठी बाईंनी लसीची पाटी रंगवून घेतली होती. ती दाराला कधी लागलीच नाही, काउंटरखालीच राहिली. जेवणाचे पैसे भाडं, पगार आणि मांस-भाजीतच जातात. दुकान तरतं ते मार्गारिटावर, म्हणजे दारूच्या कॉकटेलवर. परवाना पंधरा दिवस अडकला तरी पुढचा पगार निघत नाही, मग वकील कुठून करणार?

मला हेच खटकतं. दारूचा परवाना कशासाठी असतो? वय तपासा, झिंगलेल्याला आणखी देऊ नका, यासाठी. त्याच दोरीने दुसरंच काही ओढलं की मालकाला स्वतःचं मत उरत नाही. दोरी उलट्या बाजूने ओढली तरी मला ते तितकंच चूक वाटतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगाबादला, निदान एक डोस घेतला नसेल तर पेट्रोल देऊ नका, असा आदेश पंपांना निघाला होता. सगळ्यांनी लस घ्यावी असं मला मनापासून वाटत होतं, तरीही तो आदेश पटला नाही.

पुढे २०२३मध्ये टेक्सासने खासगी मालकांना कर्मचाऱ्यांवर कोविड लसीची सक्ती करायलाही बंदी घातली. त्यात ५०,००० डॉलर दंड आहे. रक्कम जबर आहे, कायदाही मला मान्य नाही. पण काय केलं तर काय भरावं लागेल, हे मालकाला निदान आधी वाचता येतं.