‘कापसाला’, ‘करायलोय’, ‘शेतातल्यांनाच’: वाचकांचे भाषाप्रश्न

शब्दांच्या बांधणीविषयी मराठवाड्यातून आलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. प्रश्न बांधणीचा असला तरी उत्तर अनेकदा उच्चारात, वाक्यरचनेत नाहीतर अर्थात सापडतं, म्हणून उत्तरं तिथपर्यंत नेली आहेत.

प्रश्न : सातवीची मुलं ‘कापूसाचा’, ‘लाकूडाचं’ असं लिहितात. ‘ऊ गाळा’ म्हटलं की विचारतात, मग ‘मजूर’चं ‘मजराला’ का होत नाही? त्यांना काय सांगावं? (शिक्षिका, उदगीर)

मुलांची शंका रास्त आहे. याचं कारण उच्चारात आहे. ‘कापूस’ला सामान्यरूपाचा (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे बदललेलं रूप होतं त्याचा) ‘आ’ लागला की ‘स’ त्या ‘आ’ला जाऊन मिळतो आणि मधला ‘ऊ’ दोन दीर्घ अक्षरांच्या मध्ये सापडतो. तिथे तो गळतो आणि आपण ‘काप्-सा-ला’ म्हणतो. पहिलं अक्षर दीर्घ असेल तर मधला ई-ऊ बहुतेक वेळा असाच गळतो: लाकूड–लाकडाला, माणूस–माणसाला, पाऊस–पावसाला, तालीम–तालमीला, पाटील–पाटलाला. पहिलं अक्षर ऱ्हस्व असेल तर तो बहुधा टिकतो, फक्त आखूड होतो: मजूर–मजुराला, वकील–वकिलाला, जमीन–जमिनीला, विहीर–विहिरीला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शब्द मूळचा कुठला, याने फरक पडत नाही. ‘तारीख’ अरबीतून आली, पण ‘तारखेला’ म्हणताना ती ‘माणसा’च्याच वाटेने जाते.

अपवाद आहेत आणि ते पाठच करून घ्यावे लागतात. लसूण–लसणाला, कुलूप–कुलपाला यांत पहिलं अक्षर ऱ्हस्व असूनही स्वर गळतो. उलट ‘मोहीम’चं ‘मोहिमेला’ होतं. ‘वाघीण’, ‘नागीण’ यांचा प्रकार मात्र वेगळा आहे. पहिलं अक्षर दीर्घ असूनही प्रमाण मराठीत ‘वाघिणीला’, ‘नागिणीला’ असंच म्हणतात. इथला ‘ईण’ हा मादी दाखवणारा प्रत्यय आहे. ‘कापूस’मधल्या ‘ऊ’ला स्वतःचा अर्थ नाही, ‘ईण’ला आहे, आणि अर्थ वाहणारा तुकडा उच्चाराच्या सोयीसाठी सहसा गाळला जात नाही.

वर्गात असं करून बघा. आधी शब्दाला ‘ला’ लावून मोठ्याने म्हणायला सांगा. मधला ई-ऊ ऐकू आलाच नाही तर तिथे साधं अक्षर लिहायचं. ऐकू आला तर ऱ्हस्व लिहायचा. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम, असेल तर मूळचं दीर्घ कायम ठेवायचं: शरीर–शरीराला, परीक्षा–परीक्षेला. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांतही तत्सम शब्द असेच वेगळे काढलेले आहेत. ‘जमीनीचा’, ‘मजूरांना’ या पाट्यांवर नेहमी दिसणाऱ्या चुका दुसऱ्या पायरीवर होतात. कान ‘जमिनीचा’ ऐकतो, पण हात मूळ शब्दाचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवतो.

प्रश्न : ‘मी काम करायलोय’, ‘ती भाकर करायलीय’ ही आमची बोली. शहरात याला अशुद्ध म्हणतात. या रूपाची फोड कशी होते? (वाचक, अहमदपूर)

हे रूप अशुद्ध नाही. त्याचं व्याकरण नेमकं आहे आणि ते शिकवता येतं.

लातूर, नांदेड, बीड, परभणीकडची रूपं शेजारी शेजारी ठेवली की फोड दिसू लागते: करूलालो, करायलालो, करायलो. यांच्या मुळाशी ‘करू लागलो’ आणि ‘करायला लागलो’ आहेत. ‘लागलो’मधला ‘ग’ झिजला की ‘लालो’ उरतं. ‘करायला’ आणि ‘लालो’ जोडले गेले की ‘ला’चा सारखाच आवाज लागोपाठ येतो आणि तो एकेक करत सुटतो: आधी ‘करायलालो’, मग ‘करायलो’. शेवटी ‘आहे’चा ‘य’ चिकटला की ‘करायलोय’. एके काळची तीन शब्दांची रचना आता एका क्रियापदात मावते.

याचा पुरावा वाक्यात मिळतो. मराठीत बहुतेक सकर्मक क्रियापदांना भूतकाळी ‘ला’ लागला की ‘तो’, ‘ती’सारख्या कर्त्याला ‘नं’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: ‘त्यानं भाकर केली’. ‘करायलाय’मध्येही तसाच ‘ला’ दिसतो, पण ‘त्यानं भाकर करायलीय’ असं मराठवाड्यात कुणी म्हणणार नाही. म्हणतात ते ‘तो भाकर करायलाय’. भाकर स्त्रीलिंगी असली तरी क्रियापद ‘तो’च्या मागे जातं, कारण इथला ‘ला’ ‘करणे’चा नाही, ‘लागणे’चा आहे, आणि ‘लागणे’ अकर्मक आहे. ‘लागणे’ हा शब्द झिजून गेला, तरी वाक्यातला त्याचा हक्क गेलेला नाही. आमच्या मते मराठी बोलींतल्या सगळ्यात देखण्या रचनांपैकी ही एक आहे.

अर्थही सरकला आहे. प्रमाण मराठीत ‘पाऊस पडू लागला’ म्हणजे पडायला सुरुवात झाली. ‘पाऊस पडायलाय’ म्हणजे या घडीला पडतो आहे, सुरू कधीही झालेला असो.

लिहिताना एक सावधगिरी बाळगा. ‘तो जेवायला’ एवढंच लिहिलं तर बाहेरच्या वाचकाला वाक्य अर्धवट वाटतं, तो पुढे ‘गेला’ किंवा ‘बसला’ शोधतो. पुल्लिंगी एकवचनात ‘जेवायलाय’ असा ‘य’ ठेवावा. ‘ती जेवायली’, ‘पोरं जेवायलेत’, ‘पोरगं रडायलंय’ यांत असा घोटाळा होत नाही.

प्रश्न : जुने अंक संगणकावर चढवले आहेत. ‘कापूस’ किंवा ‘हरभरा’ असं शोधलं तर पुष्कळ मजकूर निसटतो. उपाय काय? (ग्रंथपाल, परभणी)

साधा शोध अक्षरं जुळवतो, शब्द ओळखत नाही. ‘कापसाचे भाव’ यात ‘कापूस’ ही अक्षरं नाहीतच. म्हणून प्रत्येक नामासाठी दोनदा शोधा, एकदा मूळ रूप आणि एकदा सामान्यरूपाचा न बदलणारा भाग: कापूस आणि कापस, पाऊस आणि पावस, तूर आणि तुरी, विहीर आणि विहिर, मका आणि मक्य. ‘काप’ इतकं आखूड केलं तर कापणी आणि कापडही येईल.

‘हरभरा’ची अडचण जास्त आहे. ‘हरभऱ्याचा’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकलेला असू शकतो, स्वतंत्र ‘ऱ’ वापरून किंवा ‘र’ला हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) व न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला नाहीत. तेव्हा ‘हरभ’ एवढंच शोधा. ‘सोयाबीन’ला हा त्रास नाही. अशा नव्या शब्दांचं सामान्यरूप सहसा होत नाही आणि ‘सोयाबीनचा’, ‘मोबाईलवर’ असंच चालतं. रुळलेला ‘टेबल’ मात्र ‘टेबलावर’ होतो.

प्रश्न : ‘शेतातल्यांनाच’ या एका शब्दात प्रत्यय किती आणि त्यांचा क्रम ठरलेला का असतो? (विद्यार्थी, अंबाजोगाई)

फोड अशी: शेत, सामान्यरूपाचा आ, त, विशेषण करणारा ल, पुन्हा सामान्यरूपाचं या, अनेकवचनाचा अनुस्वार, ना, आणि च. सामान्यरूप दोनदा झालं आहे, हे लक्षात घ्या. पहिलं ‘शेत’चं आहे, दुसरं ‘शेतातला’ या तयार विशेषणाचं. आतला थर पुरा झाल्याशिवाय बाहेरचा चढत नाही, म्हणून क्रम बदलत नाही.

आता शब्दाआधी ‘त्या’ लावून बघा: ‘त्या शेतातल्यांनाच’. याचे दोन अर्थ होतात. त्या अमुक शेतात जे आहेत त्यांना, किंवा शेतातल्या त्या अमुक लोकांना. पहिल्या अर्थात ‘त्या’चा संबंध शब्दाच्या पोटातल्या ‘शेता’शी जोडला जातो. म्हणजे बाहेरून एक दिसणारा शब्द वाक्यरचनेला आतून उघडाच असतो. बातमीत असं वाक्य आलं तर ‘त्या शेतात काम करणाऱ्यांनाच’ असं फोडून लिहावं.

‘च’ हा प्रत्ययांच्या शेवटी बसतो आणि वाक्यात कशालाही लागतो, पण जागा बदलली की अर्थ बदलतो. ‘शेतातल्यांनाच पाणी दिलं’ म्हणजे इतरांना दिलं नाही. ‘शेतातल्यांना पाणीच दिलं’ म्हणजे जेवण दिलं नाही. ‘पाणी दिलंच’ म्हणजे नको नको म्हणत असतानाही दिलं.

लेखनाचा मुद्दाही इथेच निघतो. ‘शेता मध्ये’ असं तोडून लिहू नये. ‘शेता’ हे रूप एकटं उभं राहू शकत नाही.

प्रश्न : ‘पैसे’मध्ये स, मग ‘पैशाला’मध्ये श कुठून आला? (वाचक, जालना)

आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप बहुधा ‘या’ने होतं: घोडा–घोड्याला. त्याप्रमाणे ‘पैस्याला’ व्हायला हवं, पण ‘य’च्या शेजारी ‘स’ टाळूकडे सरकून ‘श’ होतो आणि ‘य’ त्यात विरून जातो. ‘पैसे’मध्ये ‘य’ नाही, म्हणून ‘स’ शाबूत राहतो. घसा–घसे–घशाला, ससा–ससे–सशाला यांचंही तसंच. ‘चमचा–चमच्याला’मध्ये उच्चार असाच दातांजवळच्या (दंत्य) ‘च’कडून टाळूजवळच्या (तालव्य) ‘च’कडे जातो, पण देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर असल्यामुळे तो बदल कागदावर दिसत नाही. बोलण्यात ‘पैशे’ही ऐकू येतं, तिथे ‘श’ अनेकवचनातही पसरला आहे. लिहिताना ‘पैसे’ ठेवा.