आजाराच्या भरात हात उचलला, तर त्याला जबाबदार धरायचं का?

तुमच्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अतोनात चढतं, कधी पार खचतं. त्या चढाच्या काळात, मॅनियात, त्याने आईवर हात उचलला, आणि आता घरचे म्हणतात, "तो आजार होता, विसरून जा." तुम्हाला विसरता येत नाही. त्यात तुमचं काहीच चुकत नाही.

माझ्या वडिलांना हाच आजार. मी बारावीत असताना चार रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ओळखीच्या दुकानातून उधारीवर अठरा पंखे उचलून आणले. आई "परत करा" म्हणाली, तर पाहुण्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. हा आजार आहे हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नव्हतं. त्या मारासाठी मी त्यांना दोष देत नाही.

पण सहा वर्षांनी, या आजारावरचं औषध लिथियम सुरू, सगळं सुरळीत, तेव्हा त्यांनी गोळ्या बंद केल्या. हात थरथरतो, सारखी तहान लागते, रक्त तपासायला किती वेळा जायचं! तीन महिन्यांत पुन्हा तेच झालं. आता मॅनिया चढायला लागला की आपण आजारी आहोत हे भानच आधी जातं, त्यामुळे गोळी माणसाने सोडली की आजाराने सोडवली, हे बाहेरून ओळखणं अवघड. बाबांनी मात्र नंतर स्वतः कबूल केलं: "पूर्ण शुद्धीत होतो, कळत होतं." त्याचा राग मला आजही आहे.

कायदाही त्या क्षणाचंच विचारतो. पूर्वीच्या दंड संहितेतलं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेतलं कलम २२. कृत्य करताना मनोविकारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे, हे कळायची क्षमताच नसेल तर तो गुन्हा ठरत नाही. नुसती डॉक्टरची फाईल दाखवून भागत नाही. २००२ साली सुप्रीम कोर्टाने पत्नीचा खून केलेल्या महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला याच आधारावर सोडलं. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशय आणि भास होणारा गंभीर मनोविकार होता, उपचार आधीपासून चालू होते, खुनामागचं कारण अगदी तकलादू होतं, आणि तो पळाला किंवा लपला नव्हता.

घरात मात्र शिक्षेचा प्रश्न नसतो, पुढे काय करायचं हा असतो. बाबांनी बरे झाल्यावर एका वहीत ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांची नावं आणि रकमा लिहिल्या आणि तीन वर्षं पेन्शनमधून एकेक नाव खोडलं. आईचं नाव त्या वहीत नव्हतं. तिच्याशी ते त्या थोबाडीबद्दल कधी बोललेच नाहीत. मला वाटतं, बोलायला हवं होतं. गुन्हा कबूल करायला नव्हे, तिला लागलं होतं म्हणून.

भाऊ आता शांत झोपतोय ना? मग हीच वेळ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार बरा असताना तो लिहून ठेवू शकतो, की पुन्हा बिघडलं तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोण बोलेल. ते लिहायला बसाल तेव्हा आईलाही सोबत बसवा. पुन्हा हात उठला तर ती कुणाकडे जाणार, हे त्याच दिवशी ठरवा. अडलंच तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो.

आणि आईला काय हवंय, ते आधी तिलाच विचारा. आमच्याकडे कुणी विचारलं नव्हतं.