बाहेरचा माणूस फोन ठेवतो तरी आमची लाइन बिझीच राहते, सीओ कार्ड बदलावं का?

तुम्ही लिहिलंय की होल्डवर थांबलेल्या माणसाने मध्येच फोन ठेवला तरी ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं फोनचं मशीन, लाइन सोडत नाही आणि टेक्निशियन म्हणतो सीओ कार्ड, म्हणजे एक्स्चेंजची लाइन मशीनला जिथे लागते ते कार्ड, गेलं. बदलू नका इतक्यात. याच गोष्टीवरून माझं आणि दादाचं जोरात वाजलंय, चुलतभाऊ आहे, धंदा दोघांचा.

टिळक रोडजवळ एक क्लिनिक, चार लाइन. संध्याकाळी सहाला पेशंटचे फोन सुरू झाले की तासाभरात चारही अडकायच्या, माणूस कंटाळून फोन ठेवायचा आणि मशीन रिकाम्या लाइनला म्युझिक ऐकवत बसायचं, मग रिसेप्शनवरच्या ताई उठून पॉवरच बंद-चालू करायच्या. दादाने बुधवार पेठेत जाऊन नवीन कार्ड आणून बसवलं, तरी तेच. मग म्हणे हेही डिफेक्टिव्ह, तिसरं आणू.

अहो, रिंग आली की सीओ कार्ड ती ओळखतं, कॉल उचलताना लूप, म्हणजे लाइनच्या दोन तारांचं सर्किट, जोडतं, करंट वाहायला लागला की एक्स्चेंजला कळतं उचलला म्हणून. लाइनवर ठेवलेल्या फोनला 48 व्होल्टच्या आसपास दिसतात ते उचलल्यावर एकदम खाली येतात, मीटर लावून बघा. पण समोरच्याने ठेवलं हे साध्या लाइनवर एक्स्चेंज फक्त बिझी टोन वाजवून सांगतं. पोलॅरिटी रिव्हर्सल, म्हणजे तारांचं प्लस-मायनस उलटं करून इशारा देणं, चालू असेल तर गोष्ट वेगळी. कार्डाला टोन ओळखता आला नाही तर ते लूप धरूनच बसणार, त्यात त्याचा काय दोष!

मी टेस्ट फोन मॉनिटरवर, म्हणजे लाइन न उचलता नुसतं ऐकायला, लावला, मोबाइलवरून कॉल केला, होल्डवर गेल्यावर कट केला आणि घड्याळ धरून ऐकलं. पाऊण सेकंद टोन, पाऊण सेकंद गप्प, आपल्याकडचा 400 हर्ट्झचा. आणि प्रोग्रामिंगमध्ये कंट्री अमेरिका, म्हणजे मशीन वाट बघतंय तिकडच्या बिझी टोनची, 480 आणि 620 हर्ट्झ एकत्र, अर्धा-अर्धा सेकंद. भारत केलं, त्या संध्याकाळपासून एकही लाइन अडकली नाही.

आउटगोइंगलाही तेच, लूप जोडल्यावर डायल टोन यायच्या आधी नंबर सोडला की पहिला आकडा गळतो आणि लोक राँग नंबरसाठी कार्डाला शिव्या देतात. डायल करण्याआधीचा पॉज वाढवा.

हां, पावसाळ्यात वीज पडून कार्डं खरंच जळतात. साधा फोन त्याच लाइनवर थेट लावून चालतो आणि कार्डाला रिंगच कळत नाही, तर मात्र बदला. आणि नवीन बसवताना एक्स्चेंजची लाइन चुकूनही एसएलटी पोर्टमध्ये, म्हणजे आतले साधे फोन लावायच्या जागेत, घालू नका, तो स्वतःच व्होल्टेज देतो.

दादा अजून सगळ्यांना सांगतो की तिसरं कार्ड चांगलं निघालं. तिसरं कार्ड आणलंच नव्हतं. क्लिनिकमध्ये दुसरंच आहे, आणि पहिलं, त्याने भंगारात टाकलेलं, मी एका सोसायटीच्या मशीनमध्ये लावलंय, दोन वर्षं झाली, चालू आहे.