जुनी बारोलो पहिल्यांदा उघडताना

तुमच्याकडे आलेली बारोलो वीस वर्षांची आहे, म्हणून तिला ताज्या वाइनच्या मापाने तोलू नका. इटलीच्या पिएमोन्ते प्रांतातील ही वाइन केवळ नेब्बिओलो द्राक्षापासून होते आणि किमान 38 महिने, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात, मुरल्याशिवाय विक्रीला येत नाही. रिझेर्वा, म्हणजे अधिक काळ मुरवलेली बारोलो, असल्यास हा काळ 62 महिन्यांचा असतो.

उघडण्यापूर्वी बाटली एक-दोन दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. जुने बूच ठिसूळ झालेले असते, ते सावकाश काढा. मग बाटलीच्या मानेमागे दिवा धरून, हात न हलवता, एका संथ धारेत वाइन दुसऱ्या भांड्यात ओता आणि गाळ मानेशी येताच थांबा. इतक्या जुन्या वाइनला तासन्‌तास हवा लागू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. जपून ठेवलेला नाजूक गंध त्यात विरून जातो.

फिकट रंग आणि कडेची विटकरी झाक पाहून ती बिघडली असे समजू नका, कारण नेब्बिओलोचा रंग मुळातच गडद नसतो. पेला एक तृतीयांशच भरा, तापमान 16 ते 18 अंश सेल्सिअस ठेवा आणि घोट घेण्याआधी बराच वेळ नुसता वास घ्या: वाळलेला गुलाब, डांबर, चामडे, कधी अळंबीचा मातकट दरवळ. पहिला घोट नुसता घ्या, दुसरा मुरलेल्या पार्मेसान चीजच्या तुकड्यासोबत. उरलेला तुरटपणा चीजमधील प्रथिनांमुळे मवाळ झालेला तुम्हाला स्पष्ट जाणवेल.