सिमकार्डासाठी आधारची सक्ती?

प्रश्न : सिमकार्ड घेताना दुकानदाराने माझा पासपोर्ट बाजूला सारून आधारच मागितले. हे कायदेशीर आहे काय?

उत्तर : नाही. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या आधारला आव्हान देणाऱ्या २०१२ मधील याचिकेला शांता सिन्हा यांच्यासारख्या हक्क-कार्यकर्त्यांच्या याचिकांची जोड मिळाली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्याच निकालाच्या बळावर २०१८ मध्ये आधार कायद्याच्या कलम ५७ मधील खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी मुभा रद्द झाली. कायदा मात्र टिकला. २०१९ च्या दुरुस्तीने दूरसंचार कंपन्यांना ती वाट पुन्हा मोकळी केली, पण ग्राहकाच्या स्वेच्छेनेच. (यंत्रावर अंगठा टेकवून घेताना ही स्वेच्छा विचारतो कोण, हा भाग वेगळा!) पासपोर्टच पुढे करा, नाकारल्यास कारण लेखी मागा.